कृपया थांबा

कवळीताईंनी उभ्या आयुष्यात हजारो लोकांना हसवलं, तेही एकही विनोद न सांगता. त्या कवळ्या करायच्या. दाताचा डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेई, ते माप डब्यात बसून त्यांच्या टेबलावर येई, मग त्या प्लास्टरचा जबडा ओतत, त्यावर गुलाबी मेणाची हिरडी चढवत आणि हिरडीत एकेक दात असा रोवत, की आठवड्याभरात एखाद्या आजोबांचं बसकं तोंड परत माणसात येई. धंद्यावरून नाव पडलं ते पडलंच. गल्लीतले एक आचरट गृहस्थ म्हणायचे, "नाव कवळी आणि वय जून!" त्यावर ताई म्हणत, "जून आहे म्हणून टिकलेय. कवळी असते तर केव्हाच चिरून खाल्लं असतं तुम्ही."

लॅब शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका चष्म्याच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर होती. लांबट खोली, चार टेबलं, प्रत्येकावर एक स्पिरिटचा दिवा, आणि सगळ्यावर पिठासारखी बसलेली प्लास्टरची धूळ. ताईंचं टेबल खिडकीशी. ते त्यांनी मोठं भांडण करून मिळवलं होतं, कारण दाताच्या रंगाची छटा जुळवायची तर सकाळचा स्वच्छ उजेड लागतो. ऊन चढलं की पांढरा पिवळा दिसायला लागतो आणि दिवे लागले की सगळेच दात निळसर. म्हणून छटेचं काम सकाळी. उशिरा येणाऱ्याने पॉलिश करत बसायचं, आणि पॉलिश म्हणजे ताईंच्या मते भांडी घासणं. तेव्हा त्यांच्या आयुष्यात सकाळच्या बसला फार मान होता.

ही बस त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी, लाँड्रीच्या भिंतीजवळ थांबायची. तिथे पाटी नव्हती. एक वाकडा लोखंडी खांब होता. त्यावर कधीकाळी पाटी होती असं सांगणारे पुष्कळ होते, ती पाहिलेला एकही नव्हता. जुने ड्रायव्हर सवयीने थांबत. खांबाशी ताई उभ्या दिसल्या की त्यांचा पाय आपोआप ब्रेकवर जाई. एक कंडक्टर त्या जागेला 'लाँड्रीपाशी' म्हणे, दुसरा 'ताईंपाशी'. अधिकृत असं नाव नव्हतंच, आणि त्यावाचून कुणाचं काही अडलं नव्हतं.

मग टॅब्लेट आला. डॉक्टर लोक आता पेशंटच्या तोंडाचे फोटो पाठवू लागले होते, आणि ताईंच्या जुन्या फोनवर वरचा जबडा कुठला नि खालचा कुठला हेही कळत नसे. लॅबच्या मालकांनी टॅब्लेट आणून त्यांच्या हातात दिला. "ताई, घरी न्या, बसमध्ये बघा. लॅबमध्ये पाऊल टाकाल तेव्हा काम डोक्यात तयार पाहिजे." मालकांना वाटलं, बाईंकडून प्रवासातही काम काढून घेतलं. ताईंना वाटलं, बसमध्ये बघायला फुकटात टीव्ही मिळाला. दोघंही खूश होते.

घरी मात्र पहिल्याच आठवड्यात गोंधळ झाला. घर म्हणजे गल्लीच्या टोकाला दोन खोल्या, आणि त्यांत ताई आणि त्यांची थोरली बहीण अक्का. अक्काने तरुणपणी टेलिफोनच्या कचेरीत काम केलं होतं, ते सोडल्याला आता जमाना झाला. हल्ली तिची बैठक पुढच्या खोलीतल्या खिडकीत असे. गुडघे तक्रार करत, म्हणून ती दाराबाहेर फारशी पडत नसे, पण गल्लीतली कुठली गोष्ट तिच्या नजरेतून सुटत नसे. तिला रोज सकाळी रक्तदाबाची गोळी घ्यावी लागे. ताई निघताना ओरडत, "अक्का, टॅब्लेट घेतली का?" आणि अक्का आतून विचारी, "अगं, तू टॅब्लेट घेतलास का?" एके दिवशी दोघींनी एकमेकींना इतक्या काळजीने विचारलं, की गोळी राहिली डबीत आणि टॅब्लेट राहिला टेबलावर. तेव्हापासून नियम झाला. 'घेतली' ती पोटात जाते, 'घेतला' तो पिशवीत. शाळेत शिकलेल्या व्याकरणाचा आयुष्यात हा पहिलाच उपयोग, असं अक्का म्हणाली.

बसमध्ये तर टॅब्लेटने धमालच केली. ताई सीटवर बसल्या बसल्या तो मांडीवर उघडत, आणि पडद्यावर ताटाएवढं वासलेलं तोंड येई. शेजारचा माणूस आधी सहज डोकावे, मग दचके, मग सरकून बसे. गर्दीच्या बसमध्ये ताईंना ऐसपैस जागा मिळू लागली. एक बाई धीर करून विचारत्या झाल्या, "तुम्ही दाताच्या डॉक्टर का?"

"छे हो. डॉक्टर काढतात, मी बसवते."

एवढं ऐकून मागच्या सीटवरचे आजोबा पुढे वाकले आणि आपली कवळी काढून हातावर ठेवत म्हणाले, "ही बघा. बोलताना टकटक वाजते." ताईंनी ती रुमालात धरून उजेडात फिरवून पाहिली आणि सांगितलं, "कवळीचा दोष नाही. तुम्ही बोलता फार." सगळी बस हसली, आजोबाही हसले, पण कवळी हातात असल्यामुळे त्यांच्या हसण्यात काही दम नव्हता.

फोटो बघून झाले की ताई नकाशा उघडत. नकाशावर एक निळा ठिपका म्हणजे त्या स्वतः, आणि तो रस्त्यावरून घरंगळत चालला आहे याचं त्यांना भारी कौतुक. काचांवर धुकं बसलेलं असे, बाहेरचं काही दिसत नसे, तेव्हा लोक विचारत, "ताई, कुठवर आलो?" आणि ताई वरच्या पट्टीत जाहीर करत, "पूल आला! बाजारवाले उठा!" बस कुठे आहे हेही टॅब्लेट सांगायचा. अर्थात त्याचं सगळं खरं नसे. टॅब्लेटमधली बस नेहमी वेळेवर असायची. रस्त्यावरच्या बसला ते कळवलेलं नसायचं.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना बस कंपनीला सुधारणा करायची बुद्धी झाली. नव्या बस आल्या. कंडक्टर गेले, ड्रायव्हरही नवे. प्रत्येक ड्रायव्हरसमोर एक पडदा बसवला, आणि त्या पडद्यावर जे थांबे दिसतील तिथेच थांबायचं, असा हुकूम निघाला.

नव्या व्यवस्थेच्या पहिल्या सकाळी ताई नेहमीसारख्या खांबाशी उभ्या होत्या. टॅब्लेटवर त्यांचा निळा ठिपका खांबाशी होता. हिरवी बस ठिपक्याच्या दिशेने आली, ठिपक्यावर चढली आणि पलीकडून उतरून निघून गेली. ताईंनी मान वर केली तेव्हा खरी बस वळणावर दिसेनाशी होत होती.

त्या तणतणत घरी आल्या. टॅब्लेटवर 'थांबा निवडा' असं लिहिलेलं होतं, खाली थांब्यांची लांबलचक यादी. यादीत सगळं जग होतं, लाँड्री नव्हती. ताईंनी पुन्हा शोधलं. पडद्यावर एक चक्र फिरू लागलं आणि त्याखाली अक्षरं आली, 'कृपया थांबा'.

अक्का खुर्चीतून वाकून बघत होती. ती म्हणाली, "हा बघ, आहे की! कृपया थांबा. आपल्या खांबाचं नाव कृपया ठेवलेलं दिसतंय."

ताई संतापलेल्या होत्या, तरी त्यांना हसू फुटलं. "अगं अक्का, ते थांब्याचं नाव नाही. ते आपल्याला थांबायला सांगतंय."

"असं होय?" अक्का शांतपणे म्हणाली. "मला वाटलं, छान नाव ठेवलंय."

हा किस्सा दुसऱ्याच दिवशी लॅबभर झाला आणि आठवड्यात गल्लीभर. येणारे-जाणारे खिडकीपाशी थांबून विचारत, "काय अक्का, कृपया थांब्यावरून बस मिळते का?" अक्का म्हणायची, "हसतील त्यांचे दात दिसतील." आणि तिकडून ताई म्हणत, "दिसू दे. मी मापं घेते."

पण हसण्यावर नेण्यासारखं ते राहिलं नाही. पुढचा थांबा मोठ्या उड्डाणपुलाच्या पलीकडे होता. तिथवर जायचं म्हणजे भरधाव ट्रकांच्या कडेने चालायचं, आणि पुलाच्या चढावर ताईंचं कंबरेचं जुनं दुखणं डोकं वर काढी. लवकर निघूनही त्या उशिरा पोचत. जिने चढून टेबलाशी बसत, तोवर खिडकीतला चांगला उजेड निघून गेलेला असे. एका बाईंचे पुढचे दात त्यांनी उतरत्या उजेडात जुळवले आणि ते शेजारच्या दातांहून पिवळे निघाले. डॉक्टरांनी ते परत पाठवले आणि ताईंना सगळं पुन्हा करावं लागलं.

मालक माणूस वाईट नव्हता, म्हणूनच त्याचं बोलणं जास्त लागलं. "ताई, तुमची दगदग दिसते मला. महिनाअखेरपर्यंत बघा काही जमतंय का. नाहीतर खिडकीचं टेबल मी दुसऱ्या कुणाला देतो. तुम्ही या सावकाश, पॉलिश करत बसा."

पॉलिश! ताईंना कानाखाली मारल्यासारखं झालं. सगळी हयात घालवून शेवटी भांडी घासायची, तर ते घरी घासलेलं काय वाईट?

रविवारी टॅब्लेटवर दादाचा व्हिडिओ कॉल आला. दादा म्हणजे दोघींचा मोठा भाऊ, शहराच्या मध्यात बायकामुलांसह राहणारा. त्याला टॅब्लेटसमोर नीट बसणं कधी जमलं नाही, त्यामुळे बहिणींना नेहमी त्याचं नुसतं कपाळ दिसे. कपाळ म्हणालं, "किती राबणार आहेस? आता बस की."

"दादा, बसच तर मिळत नाहीये," ताई म्हणाल्या.

"थट्टा सोड. घरी बस म्हणतोय मी. अक्का बसलीच ना? तिचं काही बिघडलं का?"

अक्का इतका वेळ शेजारी बसून ऐकत होती. ती उठली आणि गुडघे दुखत असतानाही भरभर स्वयंपाकघरात निघून गेली. आत भांडी जरा जोरात वाजली. ताईंनी ते ऐकलं, पण त्या आपल्याच विचारात होत्या.

ताईंचा स्वभाव मात्र रडत बसण्यातला नव्हता. सोमवारी सकाळी फिकट उजेडात त्या पुन्हा लाँड्रीच्या भिंतीशी उभ्या राहिल्या. त्यांनी टॅब्लेटवर मोठ्या अक्षरांत 'थांबा' असं लिहून त्याचं चित्र करून ठेवलं होतं. बस दिसली की पडदा पूर्ण उजळून तो डोक्यावर धरायचा, असा बेत. बस दिसली. ताईंनी घाईघाईत बोट फिरवलं आणि दोन्ही हातांनी टॅब्लेट उंच धरला.

करकचून ब्रेक लागले. बस खांबापासून हातभर अंतरावर येऊन थांबली. दार उघडलं आणि भरघोस मिशांचा एक ड्रायव्हर बाहेर डोकावला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"ओ ताई! हे काय दाखवताय सकाळी सकाळी? काळीज तोंडात आलं माझं!"

ताईंनी टॅब्लेट खाली घेऊन पाहिला. अक्षरांचं चित्र राहिलं होतं बाजूला. पडद्यावर एका आजोबांचं बोळकं होतं, आ वासलेलं, एकही दात नसलेलं, त्या फिकट उजेडात लख्ख गुलाबी उजळलेलं.

"अगंबाई! चुकून... मला 'थांबा' लिहिलेलं दाखवायचं होतं."

"त्याची काय गरज? हे बघून आगगाडीसुद्धा थांबेल," ड्रायव्हर म्हणाला. "चढा आता लवकर. इथे थांबायची परवानगी नाही मला."

त्या दिवशी खिडकीतला उजेड ताईंना वेळेवर मिळाला आणि त्यांनी एका बैठकीत चार तोंडांच्या छटा जुळवल्या. संध्याकाळी घरी आल्या त्या गुणगुणतच. सगळी हकीकत ऐकून अक्का डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मग तिने 'थांबा' लिहिलेलं चित्र मागून घेऊन पाहिलं.

"नुसतं थांबा? हुकूम सोडतेस काय त्याच्यावर? कृपया लिही आधी. माणसाला थांबवायचं तर गोड बोलून थांबवावं."

ताईंनी 'कृपया' जोडलं. मग रोज सकाळी लाँड्रीच्या भिंतीशी 'कृपया थांबा' अशी उजळलेली पाटी झळकू लागली आणि मिशाळ ड्रायव्हर तिला मान देऊ लागला. बघता बघता ताईंच्या मागे रांग झाली. रात्रपाळीहून येऊन दुसऱ्या कामाला जाणारी नर्स, लायब्ररीतले चष्मेवाले, कोपऱ्यावरचा शिंपी. त्यांनाही पुलापर्यंतची पायपीट नकोच होती. सगळे ताईंच्या आडोशाला उभे राहत. ताई दोन्ही हात वर करून उभ्या, आणि मागून शिंपी म्हणे, "ताई, जरा डावीकडे धरा, चकाकतंय." स्वतःहून धरायला कुणी पुढे येत नसे, सूचना मात्र सगळ्यांकडे होत्या.

हे फार दिवस चालणार नव्हतं. एके सकाळी ड्रायव्हरने ताईंना पुढच्या सीटवर बसायला सांगितलं आणि रस्त्यावरची नजर न हलवता तो म्हणाला, "ताई, वरून विचारणा झाली. पडद्यात सगळं नोंदलं जातं, गाडी कुठे थांबली ते. थांबा नसताना रोज का थांबतोस, म्हणाले. आता एकदा जरी थांबलो तरी माझी नोकरी जाईल."

"मग हो?"

"टॅब्लेटवरच बघा. 'नवा थांबा सुचवा' असं कुठेतरी आहे. पुष्कळ लोकांनी एकाच जागेची मागणी केली, तर देतात म्हणे. थांबा नकाशात आला की मी थांबलोच. पण तोवर मला पाटी दाखवू नका. मला न थांबता पुढे जाववत नाही."

दुसऱ्या दिवसापासून ताई पुन्हा पुलावर. महिना संपत आला होता. त्यांनी टॅब्लेटवर ते 'नवा थांबा सुचवा' शोधून काढलं, एकदा भरलं, चक्र फिरत राहिलं आणि सगळं पुसलं गेलं. दुसऱ्यांदा भरलं, तर ते म्हणालं की एका माणसाची मागणी पुरेशी नाही. ताईंनी टॅब्लेट उशीवर आपटला. उशीवर, कारण तो मालकांचा होता.

"जाऊ दे अक्का. दादा म्हणतो तेच खरं. कंबर राहिली नाही आणि पॉलिश मला करायचं नाही. बसते घरी. दोघी बसू खिडकीत."

अक्का म्हणाली, आणि तिचा आवाज नेहमीचा नव्हता, "मला पण असंच म्हणाला होता दादा. आई आजारी पडली तेव्हा. थोडे दिवस घरी बस, म्हणाला. मी बसले. आई गेली, त्यालाही किती वर्षं झाली. मला परत ऊठ म्हणायला कुणी आलंच नाही. मी पण उठले नाही. तुझं बसणं मला बघवणार नाही. माझ्या शेजारी तर नाहीच नाही."

इतकी वर्षं एका घरात काढून ही गोष्ट ताईंना ठाऊक नव्हती. अक्काला घरी राहायला आवडतं, असंच त्या धरून चालल्या होत्या. त्यांना स्वतःची लाज वाटली.

सकाळी त्या निघाल्या तेव्हा अक्का म्हणाली, "आज टॅब्लेट ठेवून जा."

"गोळी?"

"गोळी मी घेतली. घेतला-वाला ठेवून जा."

दिवसभर त्या खिडकीत काय चाललं होतं, हे ताईंना शिंप्याने संध्याकाळी कोपऱ्यावरच सांगितलं. गल्लीतून जो जाईल त्याला अक्काने खिडकीशी बोलावलं. ज्याच्याजवळ फोन होता त्याच्याकडून त्याच्या फोनवर मागणी करवून घेतली, ज्याच्याजवळ नव्हता त्याचा नंबर विचारून टॅब्लेटवरून करवली. लाँड्रीवाला, नर्स, नर्सची सासू, आचरट गृहस्थ, शिंपी आणि त्याची गिऱ्हाइकं. शिंपी म्हणाला, "आम्हाला म्हणाली, इतके दिवस माझ्यावर हसलात ना? आता एकेक बोट काढा आणि दाबा."

ताई धावतच घरी आल्या. कंबरेचंही भान राहिलं नाही. "अक्का! सगळं नीट भरलंस ना? जागा बरोबर दाखवलीस? आणि नाव काय लिहिलंस? तिथे नाव विचारतात."

"नाव आहेच की आधीपासून," अक्का म्हणाली. "कृपया."

ताईंनी कपाळावर हात मारला. "अक्का! अगं, मी तुला सांगितलं होतं ना, ते नाव नाही! सगळ्यांनी तेच लिहिलं? आता ते लोक म्हणतील चेष्टा केलीय. फेकून देतील सगळं! कृपया थांबा म्हणजे काय, हे तुला..."

"मला माहीत नाही?" अक्काने त्यांना मधेच तोडलं. "टेलिफोनच्या कचेरीत काय करत होते मी? सकाळपासून संध्याकाळपर्यंत कानाला यंत्र लावून एकच वाक्य म्हणत होते. कृपया थांबा, आपला फोन जोडत आहे. दिवसातून शेकडो वेळा. मोठमोठी माणसं थांबायची माझ्या शब्दावर. तुझ्या त्या चक्राखाली ती अक्षरं दिसली, तेव्हा काय वाटलं मला, तुला काय माहीत?"

"मग त्या दिवशी तसं का म्हणालीस?"

"तू रडायच्या बेतात होतीस. म्हटलं, हसेल जरा. तू हसलीस, मग गल्ली हसली, मग मी म्हटलं हसू द्या." ती पुढे म्हणाली, "माझ्या शब्दावर एवढे लोक थांबले, एक बस थांबू नये?"

ताईंनी तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग दोघींनी चहा केला.

पुढचे काही दिवस उत्तर आलं नाही. ताई पुलावरून जात होत्या, येत होत्या. मालकांनी खिडकीच्या टेबलावरून त्यांच्या कोरण्या उचलल्या नव्हत्या, पण नव्या माणसाला ते टेबल दाखवून झालं होतं. टॅब्लेट आता घरीच राहत होता, कारण अक्का सोडत नव्हती. विचारलं तर म्हणे, "अजून चक्र फिरतंय."

महिन्याच्या शेवटच्या सकाळी ताई नेहमीच्या घाईने चपला शोधत बाहेरच्या खोलीत आल्या, तर अक्का दाराशी उभी. अंगात चांगला कोट, केस विंचरलेले, पायात ते बूट जे ताईंनी आणले तेव्हापासून खोक्यातच होते. हातात टॅब्लेट.

"हे काय? कुठे निघालीस?"

"तुला पोचवायला. कोपऱ्यापर्यंत. आज पुलावर जायचं नाही."

ताई काही विचारणार, तोवर अक्का पायरी उतरलीसुद्धा. एक हात भिंतीला, एक ताईंच्या खांद्याला, असं करत दोघी गल्ली पार करून लाँड्रीपाशी आल्या. वाकड्या खांबाशी शिंपी, नर्स आणि लायब्ररीवाले आधीच येऊन उभे होते आणि सगळे ताईंकडे बघून हसू दाबत होते. ताईंनी सवयीने टॅब्लेटसाठी हात पुढे केला. अक्काने तो छातीशी धरला. "वर धरू नकोस. काही दाखवायचं नाही आज."

वळणावर दिवे दिसले. बस आली, हळू झाली आणि कुणी हातही न करता खांबाशी येऊन उभी राहिली. दार उघडलं. आतून यंत्रातल्या बाईचा गोड आवाज आला, "थांबा, कृपया."

बसमध्ये उठून दाराकडे निघालेले दोन-तीन प्रवासी होते तिथेच थांबले. ते ऐकून मिशाळ ड्रायव्हर खो खो हसत सुटला. "अहो, उतरा उतरा! थांब्याचं नाव आहे ते!" मग ताईंना म्हणाला, "कालच पडद्यात आलं. घरी निरोप गेला असेल की."

ताईंनी वळून अक्काकडे पाहिलं. अक्काने टॅब्लेट त्यांच्या पिशवीत सरकवला. "काल दुपारी आला होता. सांगितलं नाही. मला तुझं तोंड बघायचं होतं."

ताई चढल्या, आणि मागे वळून बघतात तर अक्काचाही एक पाय पायरीवर. दोन्ही हातांनी दांडा धरून ती दुसरा पाय वर ओढत होती.

"अगं अक्का! तू कुठे?"

"आजी, कुठे जायचंय?" ड्रायव्हरनेही विचारलं.

अक्का आत आली, तिने जरा दम घेतला, कोट सारखा केला. "नेशील तिथे. जन्मभर घरी बसले, आता जरा बसमध्ये बसते."

ड्रायव्हरने ती नीट बसेपर्यंत गाडी सोडली नाही. ताईंनी अक्काला खिडकीची जागा दिली.